संस्थापक डबा

बाहेर कचऱ्याच्या ट्रकने रिकाम्या केलेल्या रिसायकलिंग बिनचं झाकण धप्पकन आपटलं आणि इला झोपेत दचकली. तिला थोपटत थोपटत लॅपटॉपवर ‘शुगर लँड सखी मंडळाचा इतिहास’ लिहिणाऱ्या आश्लेषाची नजर ओट्यावर गेली. ओटा लख्ख मोकळा होता.

"निमिष, इथला डबा कुठंय?"

"तो दह्याचा, रिकामा? टाकला. तूच म्हणतेस ना, घरात जरा हातभार लाव."

"दह्याचा? अरे, संस्थापक डबा होता तो! उद्या भवानी तलवारीला सुरी म्हणशील!"

ती अनवाणीच धावली. ड्राइव्हवेवर तळवे भाजले, पण तोवर ट्रक वळून गेला होता.

मंडळाचा जन्मच मुळी त्या डब्यातून झालेला. पंचवीस वर्षांपूर्वी संध्याकाकूंनी शुगर लँडमध्ये नव्याने आलेल्या सुलभामावशींना त्यातून पोहे पाठवले. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून मावशींनी नारळाच्या वड्या भरल्या. मग काकूंनी चिवडा. डबा फिरत राहिला, वाटेत बायका जमत गेल्या आणि मंडळ झालं. पुढे एकदा तो रिकामाच परत आला, असं काकूंचं म्हणणं. भरून पाठवला होता, असं मावशींचं. तेव्हापासून दोघींचा अबोला. आता रौप्यमहोत्सवाला डबा स्टेजवर असेल तरच येईन, असं दोघींनी आश्लेषाला वेगवेगळं बजावलं होतं. काकूंनी तर तो तिच्याकडे विश्वासाने सोपवला होता.

"इलाच्या झोपा चोरून लिहितेय मी! बायकांचा इतिहास असाच कचऱ्यात जातो. पुरुषांचा असता तर काचेच्या पेटीत ठेवला असता!"

"पुरुषांनी तो दह्याच्या डब्यात ठेवला नसता," निमिष म्हणाला आणि तिची नजर पाहताच मुकाट्याने भांडी घासायला लागला.

दह्याच्या कंपनीने इतक्या वर्षांत डबा बदलला नव्हता, एवढंच नशीब. आश्लेषाने फ्रिजमधल्या तसल्याच डब्यातली कढी ओतून काढली, तारेच्या घासणीने ओरखडे पाडले, आतून हळद चोळली. जागी झालेली इला स्टुलावर चढून बघत होती.

"आई, पेंटिंग?"

"हो गं माझी बाय."

समारंभात डबा पैठणीच्या घडीवर विराजमान झाला. आश्लेषाने माइक हातात घेतला, पण तिच्याआधी काकूच पुढे झाल्या. त्यांनी चष्मा लावला. "हाच तो! हा माझ्या पोह्यांचा डाग."

"आणि हे माझ्या सुरीचे ओरखडे," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे तू वड्या डब्यातच कापायचीस?"

"कापायचे! पण रिकामा नव्हता गं पाठवला, संध्या."

"जाऊ दे. मीच मेली हट्टाला पेटले."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सगळा हॉल नाक ओढू लागला. आश्लेषाचा लिहिलेला इतिहास तिच्या काखेत तसाच राहिला. तो कुणाला हवाच कुठे होता! ती मनातल्या मनात धुमसत असताना इलाने तिचा पदर ओढला. माइक चालूच होता.

"आई, तू कढीच्या डब्याला हळद लावलीस, म्हणून आज्जी क्राय करतायत?"