सगळ्या साड्या कॅम्पात

साड्यांनी भरलेला टेम्पो वडगावातून लष्कराच्या कॅम्पात येऊन उभा राहिला, पण साड्या उतरवून घ्यायला तिथं कुणीच नव्हतं.

"मामा, कॅम्पात नेमकं कुठं म्हणाला हुता नागेंद्र?" मंजुश्रीनं सासऱ्यांना विचारलं. मागाच्या कारखान्याचे फोन एरवी तीच घ्यायची. दलाल नागेंद्रचा हा फोन मात्र सासऱ्यांनी, परशरामअण्णांनी घेतला होता.

"माग चालू हुते गं. 'सगळ्या कॅम्पु' एवढंच ऐकू आलं."

"आणि रंग?"

"रंग तू इचारलास न्हवं?"

"मला वाटलं तुम्ही इचारलाय! मागावर हिरवं सूत हुतं म्हणून हिरव्याच काढल्या की!"

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. साड्या मागवणाऱ्या कणकुंबीच्या बायकांची फुगडीची स्पर्धा आज दुपारीच शहापुरात होती. साड्या चुकल्या तर नागेंद्र पुढचं सगळं काम दुसऱ्या कारखान्याला देणार आणि माग बंद पडणार.

तेवढ्यात एका जवानानं काच ठोठावली. "गाडी हटाओ! किसका माल है?"

"वही तो ढूंढ रहे हैं, साब," अण्णा खरं तेच बोलले.

जवानानं ताडपत्री सोडायला लावली. एकेक गठ्ठा उघडला जात असताना मंजुश्रीनं नागेंद्रला फोन लावला.

"कॅम्प?" तो किंचाळला. "अय्यो! केंपु म्हटलं मी, कानडीतलं केंपु! म्हणजे तांबड्या! घेऊन या लवकर!"

हिरव्याचं सांगायचा तिला धीर झाला नाही.

शहापुरात हॉलच्या दारातच नागेंद्र उभा होता. साड्या बघून तो मटकन पायरीवर बसला. आत पहिल्या संघाची फुगडी सुरू झाली होती. कणकुंबीच्या चंपाबाई तरातरा बाहेर आल्या आणि त्यांनी गठ्ठा ओढून घेतला. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"लई झाक हिरवा काढलाय की!" चंपाबाई म्हणाल्या. "मी नागेंद्राला बजावलंतं, तांबड्या नकोत, हिरव्याच पायजेत. बरोबर ध्यानात ठेवलं बघा त्यानं!"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"कणकुंबीत रेंज नसते," नागेंद्र पुटपुटला. "मला 'तांबड्या' एवढंच ऐकू आलं."

चंपाबाई साड्या वाटून परत आल्या. "आणि बघा, दिवाळीलाबी साड्या लागतील. रंग तेवढा फोनवर सांगते."

"फोन नको, आक्का!" तिघंही एकदम ओरडले. "आम्हीच कणकुंबीला येतो!"