मास्तरांनी बेतलेली सहल

"सहल आणि कोट यांत काडीचाही फरक नाही," असं मास्तरांनी भर जेवणात जाहीर केलं. "माप नीट घ्या, कापड नीट बेता, मग बिघडायला जागाच कुठे राहते?"

मास्तर गेली तीस वर्षं कोट शिवत होते, त्यामुळे मापाबद्दल त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. सहलीचा कारभार मात्र कायम थोरल्या भावाकडे, म्हणजे दादांकडे. कुठल्या शहरात जायचं, काय काय बघायचं, खिडकीपाशी कुणी बसायचं, हे दादा ठरवणार आणि बाकीचे माना डोलावणार. पण मागच्या वर्षी दादा एका बागेत आत्याला विसरून आले. आत्या बहात्तर वर्षांची. दोन तास ती बाकावर बसून होती, आणि परत न्यायला गेल्यावर रडली नाही, ओरडली नाही, नुसती "आलात होय," एवढंच म्हणाली. ते दादांना फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते मास्तरांचं बोलणं. परतीच्या वाटेवर मास्तरांनी सगळ्यांसमोर त्यांचे यथेच्छ वाभाडे काढले होते. म्हणून या वर्षी दादांनी सहलीची वही मुकाट्याने धाकट्याच्या हातात ठेवली.

मास्तरांनी सहल बेतली ती अशी की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. एका दिवसात सात ठिकाणं. घड्याळाचा मनोरा नऊ ते नऊ पंचवीस. संग्रहालय नऊ पन्नास ते अकरा पाच. तळं सव्वादोन. प्राणिसंग्रहालयात प्रत्येक प्राण्याला चार मिनिटं, हत्तीला सहा. फोटो काढण्यात वेळ जातो म्हणून सगळ्यांचे फोन गोळा करून त्यांनी आपल्या पिशवीत टाकले, आणि दर ठिकाणी एकच फोटो काढायची परवानगी बायकोला दिली.

आणि कुणी हरवू नये म्हणून चौदाजणांसाठी चौदा टोप्या शिवल्या. रंग पोपटी. असा की डोळे मिटले तरी दिसावा. आतून अस्तर, दुहेरी शिलाई, वर कापडाने मढवलेलं बटण. मापं घरोघरी जाऊन घेतली. मेहुण्याचं डोकं अपेक्षेपेक्षा बरंच मोठं निघालं, त्याला जोड द्यावा लागला.

शहरात उतरल्यावर पहिला घड्याळाचा मनोरा. ठरल्याप्रमाणे बरोबर नऊला छोटी बस चौकात पोचली. चौकभर पोपटी टोप्या होत्या. दोनशे तरी असतील. त्या दिवशी नगरपालिकेची सफाई मोहीम होती, आणि येईल त्याच्या डोक्यावर टोपी आणि हातात झाडू दिला जात होता. रंग हुबेहूब तोच.

बायको म्हणाली, आपण टोप्या काढूनच ठेवू या. मास्तरांना ते पटलं नाही. त्या टोप्या पातळ, शिलाई एकेरी. जाणत्या माणसाला फरक लांबून कळेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. नऊ पंचविसाला त्यांनी शिटी वाजवली, सगळे बसमध्ये चढले, मास्तरांनी दारात उभं राहून टोप्या मोजल्या. बरोबर चौदा. बस सुटली.

मागच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. आजोबांच्या मांडीवर झाडू होता. मास्तरांनी त्यांना पाहिलं, पण त्यांना वाटलं ही मेहुण्याकडची मंडळी. मेहुण्याच्या सासरच्यांना त्यांनी लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. मेहुण्याला वाटलं, मास्तरांचं कुणीतरी लांबचं नातं असेल. त्यामुळे दोघांनीही त्यांची फार सरबराई केली. एकाने खिडकी उघडून दिली, दुसऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. आजीबाईंनी कौतुकाने सांगितलं, की नगरपालिकेची माणसं इतकी अगत्यशील असतील असं आपल्याला वाटलं नव्हतं. मास्तरांना ते वाक्य जरा विचित्र वाटलं, पण ते तेव्हा संग्रहालयाची माहिती मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि वेळापत्रकात शंकेसाठी जागा नव्हती.

संग्रहालयाच्या दाराशी आजोबांनी विचारलं, "तळं कधी येणार?"

"सव्वादोनला," मास्तर म्हणाले.

"सव्वादोन? आम्हाला तर दहाला सांगितलंय. काठावरचा सगळा कचरा आमच्याकडे आहे."

मास्तरांनी आजोबांच्या टोपीकडे नीट पाहिलं. अस्तर नव्हतं. मग आजीबाईंची पाहिली. बटण नव्हतं. त्यांनी मागे वळून घरचा एकेक चेहरा मोजायला सुरुवात केली आणि स्वतःला धरून बाराव्यावर थांबले, कारण तेरावा चेहरा नव्हताच.

"आत्या कुठाय?" बायकोने विचारलं. मग हळूच म्हणाली, "आणि दादा?"

मास्तरांनी फोनसाठी पिशवीत हात घातला. आत्याकडे फोन कधीच नव्हता. दादांचा होता, पण तो मास्तरांच्याच पिशवीत होता. ड्रायव्हरने सांगितलं, की चौकाकडचा रस्ता दहापासून बंद केलाय, बस आता तिकडे जाणार नाही. मेहुणा पुटपुटला, की मागच्या वर्षी निदान एकच माणूस राहिलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांसमोर बाकावर बसलेली आत्या आली, आणि तिचं ते "आलात होय" आताच कानात वाजायला लागलं.

आजोबांना मात्र गल्ल्यान् गल्ल्या पाठ होत्या. चला, दहा मिनिटांत पोचवतो, म्हणत ते पुढे निघाले आणि झाडू त्यांनी मास्तरांच्या हातात दिला, कारण झाडू घेऊन त्यांना भरभर चालता येत नव्हतं. मग पुढे आजोबा, मागे खांद्यावर झाडू टाकलेले मास्तर, त्यांच्यामागे आजीबाई आणि उरलेलं सगळं गोत, अशी वरात बोळाबोळांतून धावत सुटली.

चौकाच्या तोंडाशी दोर बांधला होता. पहारेकरी म्हणाला, आत फक्त कामाची माणसं. मास्तर आपली कहाणी सांगायला लागले तेवढ्यात त्याचं लक्ष टोपीकडे आणि झाडूकडे गेलं. त्याने दोर वर उचलला आणि उशीर केल्याबद्दल वर त्यांनाच झापलं.

आत चौकात मांडव होता. मांडवात एक उंच मंच, मंचावर पाच खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीवर आत्या. तिच्या समोर ध्वनिक्षेपक होता. 

झालं होतं ते फार साधं. आत्याला सावलीत बसायचं होतं आणि सावली मंचावरच होती. ती वर गेली तेव्हा संयोजकांनी विचारलं, की आपण कुठल्या? आत्या खरं तेच बोलली: "मी त्या चौदांतली." वॉर्ड चौदाच्या प्रमुख बाईंची ते सकाळपासून वाट पाहत होते. शिवाय सगळ्यांच्या टोप्या पातळ आणि हिची अस्तराची, वर मढवलेलं बटण. संयोजकांची खात्रीच पटली. त्यांनी तिला हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. आत्या आयुष्यभर शाळेच्या वसतिगृहात मुली सांभाळत आली होती. दोन शब्दांवर ती थांबणं शक्यच नव्हतं.

"अरे, तो नुकताच आलेला," ध्वनिक्षेपकातून तिचा आवाज आला. मास्तरांनी हात हलवून खुणा केल्या. आत्याने डोळे बारीक केले, पण चष्मा बसमध्ये राहिला होता. "हात कसले हलवतोस? झाडू हलव. कारंज्याकडे जा, तिथे माणूस कमी आहे."

कारंज्याकडे एकटाच माणूस होता, आणि तो म्हणजे दादा. घामाने निथळत, कमरेत वाकून ते पाचोळा गोळा करत होते. आत्याला खाली आणायला ते मंचाकडे निघाले होते, पण त्याआधीच कुणीतरी त्यांच्या हातात झाडू दिला आणि रांगेत उभं केलं.

मास्तर त्यांच्यापाशी गेले. शिव्या खाण्याची त्यांनी पूर्ण तयारी केली होती. मागच्या वर्षी आपण काय काय बोललो होतो ते सगळं त्यांना शब्दशः आठवत होतं.

"दादा, चुकलो. मी टोप्या मोजल्या. माणसं मोजलीच नाहीत."

दादांनी पाठ सरळ केली.

"मी तर मागच्या वर्षी काहीच मोजलं नव्हतं," ते म्हणाले. "झाड आता. ती बघतेय."

दोघे भाऊ शेजारी शेजारी झाडायला लागले. किती वर्षांनी त्यांनी एकत्र काही काम केलं असेल, ते मास्तरांना आठवेना. दादा पाचोळा ओढत, मास्तर भरत. मधेच दादांनी विचारलं, की हत्तीला सहा मिनिटं कशी ठरवलीस, आणि मास्तरांनी गंभीरपणे सांगितलं, की लांबीरुंदीवरून. दादा इतके हसले की त्यांना झाडूवर रेलावं लागलं. तेवढ्यासाठी वरून पुन्हा बोलणी बसली.

तोवर उरलेलं कुटुंबही दोराखालून आत आलं होतं. टोप्या बघून त्यांनाही झाडू मिळाले. खऱ्या वॉर्ड चौदाच्या बाई साडेअकराला आल्या आणि आत्याचं बोलणं ऐकून मुकाट्याने खालच्या खुर्चीत बसल्या. रस्ता खुला झाला तेव्हा दीड वाजून गेला होता. संग्रहालय दुपारी बंद झालं होतं. तळ्याकाठी जायचं त्राण कुणात उरलं नव्हतं. हत्तीचा विषय कुणी काढलाच नाही.

संध्याकाळी सगळे पाय ओढत हॉटेलात परतले. व्यवस्थापक मोठे हौशी होते. त्यांना आपल्या शहराचा भारी अभिमान. किल्ल्या देता देता त्यांनी विचारलं, की एका दिवसात काय काय पाहिलंत?

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं.

"चौक पाहिला," ते म्हणाले. "अगदी व्यवस्थित. कोपरान् कोपरा."

"मी तर दोनदा पाहिला," कमरेला हात लावत दादा म्हणाले. "आत्याला पहिल्या वेळी पसंत पडला नव्हता."