उतार पाहून थांबणारे भिकनभाऊ

भिकनभाऊंनी मुलीसाठी आलेलं एक चांगलं स्थळ मोडलं, कारण त्या घरासमोर उतार नव्हता. मुलगा कमावता, माणसं सालस. पाहुणचार झाला, सुपारी फुटायची तेवढी बाकी, आणि हे उठले. म्हणाले, "पोऱ्या चांगला शे, घर बी चांगलं शे, पन दारमा उतार नही. मी लेकले भेटाले कसा येसू?" शेवटी मुलगी दिली ती पद्मालयाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी.

भिकनभाऊंकडे पेट्रोलवर चालणारा जुना छोटा ट्रक होता. गिरणाकाठच्या आमच्या गावातून ते पाचोऱ्याला केळी न्यायचे, कापूस न्यायचे, लग्नसराईत वऱ्हाडही. एकदा बंद केलेला ट्रक पुन्हा चालू होईल याची खात्री नाही, म्हणून ते फक्त उतारावर थांबत. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा. पाचोऱ्यातले सगळे उतार त्यांना तोंडपाठ होते. सपाटीवर चहा प्यायचाच झाला तर इंजिन सुरू ठेवून, खिडकीतून. कुणी हसलं तर एकच उत्तर, "आन बंद पडनी ते?"

माणूस मुळात भित्रा. पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, डॉक्टरला तर फारच. आम्ही शाळेतले मास्तर त्यांची टिंगल करायचो, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे.

एका मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या बायकोला, कुसुमला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. आमचं पहिलं बाळ दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेलं होतं. मी अनवाणी भिकनभाऊंकडे धावलो. ते नुकतेच पाचोऱ्याहून परतले होते, ट्रक नदीच्या उतारावर होता. कुसुमला तिथवर चालायला लागू नये म्हणून त्यांनी तो थेट आमच्या दारात, सपाटीवर आणला आणि "ताईले धूर नको" म्हणत इंजिन बंद केलं.

तिला मागे गादीवर निजवून त्यांनी किल्ली फिरवली, तर नुसती घरघर. गल्लीतल्या चौघांनी धक्का दिला, तरी नाही. कुणी म्हणे चोक ओढा, कुणी म्हणे बैल जुंपा. कुसुम ओरडणंही सोडून कण्हायला लागली होती. भिकनभाऊंच्या हातून पान्हा दोनदा धुळीत पडला. मी तर कामाचाच उरलो नव्हतो. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

त्यांनी प्लग काढून पाहिला. ठिणगी होती. कार्बोरेटरची नळी सोडली, तर ती कोरडी.

"पेट्रोलच येत नही. पंप तपी गया, नळीमा वाफ व्हयनी. केळना खांब लई या कोनी."

शेजारच्या मळ्यातून केळीचा खांब तोडून आणला. त्याची ओली सालपटं त्यांनी पंपावर गुंडाळली. पाणी टपकत राहिलं, चर्र आवाज झाला. "आते पाच मिन्टं दम धरा," ते म्हणाले. ती पाच मिनिटं सरता सरेनात. मग किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

पाचोऱ्याला डॉक्टर म्हणाले, "अडलं तर जळगावला न्यावं लागेल. गाडी आहे ना?" मी हो म्हणालो, पण त्या गाडीवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाहेर आलो तर फाटकापाशी ट्रक थडथडत उभा. भिकनभाऊ आत घामाने निथळत बसलेले, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर. सोबत आणलेल्या खांबाची ताजी सालपटं त्यांनी कुणाकडून तरी पंपावर बदलून घेतली होती. डॉक्टरचं बोलणं त्यांनी दारातून ऐकलं होतं आणि चार तास इंजिन बंद केलं नव्हतं.

"मुलगी झाली, भाऊ. बंद करा आता."

"ताई?"

"बरी आहे."

"जळगाव जानं पडाव नही ना? डाक्तरले परत इचारी या."

मी खरंच पुन्हा आत जाऊन विचारून आलो. मगच त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पण खाली उतरता येईना. पेडलवरचा पाय आखडून तिथेच राहिला होता. मी वाकून तो दोन्ही हातांनी उचलला.

"मास्तर, पाय नका धरू," ते ओशाळून म्हणाले.

पायाला गोळे आले होते, ते मी चोळत राहिलो.