कर्नलसाहेबांचा झोपाळू ओव्हन

"बघाच आता! काम नसलं की प्रोसेसर गाढ झोपणार, वेळ झाली की टायमर त्याला उठवणार. विजेची बचतच बचत!" ओव्हनमध्ये आपला नवा प्रोग्रॅम भरून कर्नलसाहेबांनी टाळी वाजवली.

कर्नलसाहेब सैन्यात कधीच नव्हते. संगणकाचा सगळा कारभार चालवणारा जो कर्नल नावाचा मूळ प्रोग्रॅम, तो ते लिहीत. मुलगा 'कर्नलमध्ये' आहे एवढं ऐकून सासऱ्यांनी मुलगी दिली आणि खरं कळल्यावरही हाक तीच ठेवली.

बायकोचा जीव मात्र टांगणीला लागला होता. केकच्या धंद्यातली पहिली मोठी ऑर्डर, लग्नाचा दुमजली केक, संध्याकाळी द्यायचा!

"अहो, आजच कशाला हे प्रयोग?"

"अगं, समोर उभं राहून तपासलंय!"

खालचा मजला आत गेला. कर्नलसाहेब ओव्हनसमोरून हलेनात. किती वेळ उरला ते बघायला सारखं बटण दाबत होते. केक असा सोनेरी फुलला की मदतीला आलेले सासरेही "वा!" म्हणाले. वरचा मजला आत ठेवून साहेब गाणं गुणगुणत आंघोळीला गेले.

बाहेर आले तर घरभर धूर! केकचा पार कोळसा! आणि ओव्हनवर आकडा सुरुवातीचाच. त्यांनी घाबरून बटण दाबलं, तर आकडा लगेच पळायला लागला.

"चालतोय की!"

"तुम्ही बटण दाबता तेव्हाच चालतो!" बायको कडाडली. "नाहीतर ढाराढूर!"

कर्नलसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! गाढ झोपेत टायमरसुद्धा बंद पडतो!"

"म्हणजे उठवणाराच घोरतोय?" सासरे गरजले. "जावईबापू, फौजेत असता तर गोळीच घातली असती!"

"जुना प्रोग्रॅम घाला आधी!" बायको म्हणाली.

"तो... मी पुसला."

पीठ एकाच मजल्यापुरतं उरलं होतं. मग काय, पहारे लागले! सासरे बटण दाबून दमले की बायको, बायको दमली की साहेब. कोणी शिंकलं तरी दुसरा बटणावर झडप घालायचा! केक फुलला, तेव्हा तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

संध्याकाळी केक न्यायला आलेले नवरीचे काका खूश झाले. "सुरेख! ओव्हन अगदी ऑटोमॅटिक दिसतोय?"

"हो ना," सुजलेला अंगठा पदरात लपवत बायको म्हणाली, "आपला आपण झोपतो. जागं राहायला आम्ही आहोतच!"