पाठपोट प्रगतिपत्रक

प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, आणि कागदाला तर असतातच. मानवजातीला हे फार पूर्वी कळलं. आमच्या शाळेला यंदा दिवाळीच्या सुटीनंतर कळलं. पण कळल्यावर शाळेने वेळ दवडला नाही. "यापुढे सर्व छपाई पाठपोट होईल. कोरी बाजू आढळल्यास तो अपव्यय समजला जाईल," असं परिपत्रक निघालं. (ते स्वतः एकाच बाजूने छापलेलं होतं. पण नियम त्या परिपत्रकानेच लागू होणार होता, म्हणजे छापताना तो लागू नव्हता. कायद्यातले हे बारकावे सगळ्यांना कळत नाहीत.)

पहिला मान अकरावीच्या सहामाही प्रगतिपत्रकांना मिळाला. प्रगतिपत्रक तीन पानांचं. पहिल्यावर फोटो आणि मार्क, दुसऱ्यावर हजेरी आणि खेळ, तिसऱ्यावर वर्गशिक्षिकेचा शेरा आणि पालकांची सही. वर्गात मुलं त्रेचाळीस. तीन ही विषम संख्या आहे हे गणिताच्या विभागाला माहीत होतं, पण छपाई हा कॉम्प्युटरच्या विभागाचा विषय. प्रिंटरने आपलं काम इमानदारीने केलं: गौरांगची पहिली दोन पानं एका कागदावर पाठपोट, तिसरं दुसऱ्या कागदावर, आणि त्या कागदाची मागची बाजू कोरी राहून अपव्यय होऊ नये म्हणून तिथे पुढच्या रोल नंबरचं पहिलं पान.

पुढचा रोल नंबर मी.

जोड्या स्वर्गात जुळतात म्हणे. आमच्या वर्गातल्या एकवीस जोड्या प्रिंटरने जुळवल्या, तेही पत्रिका न बघता. शेवटचा अंकुर तेवढा एकटा राहिला. त्याच्या मागची बाजू कोरी होती, म्हणून त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं.

आमच्या कागदाच्या एका बाजूला माझा हसरा फोटो आणि एक्याण्णव टक्के. दुसऱ्या बाजूला गौरांगचा शेरा: "मुलगा शांत आहे. झोपेत असल्यामुळे."

मी वर्गशिक्षिका इंदिरा मॅडमकडे गेले.

"मॅडम, विज्ञान शिबिरासाठी शनिवारी सिविल लाइंसच्या ऑफिसात मार्कांचं मूळ पान द्यायचं आहे. नाही दिलं तर नाव कटेल."

"मग दे ना. कोण अडवून राहिलं?"

"मागे गौरांग आहे."

"अच्छा. मग त्याला विचार."

कॉम्प्युटरचे श्यामसुंदर सर जास्त समजूतदार निघाले. "सोपं आहे बेटा. प्रत्येकाच्या तीन पानांनंतर एक कोरं पान टाकायचं, की पुढचा मुलगा आपोआप नव्या कागदावर. एक क्लिक." मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पण कोरं पान? आणि मी टाकू? मला रिटायर व्हायला चार वर्षं आहेत."

त्यांचं चूक नव्हतं. कोरी पानं टाकली असती तर वर्गाला पासष्टऐवजी शहाऐंशी कागद लागले असते. शाळेने सरळसरळ एकवीस कागद वाचवले. त्यानंतर 'संयुक्त कागदाचा ताबा' या विषयावर बेचाळीस मुलांकडून तीन-तीन प्रतींत हमीपत्रं घेतली, त्याला एकशे सव्वीस कागद गेले. (पण अहवालात वाचलेले कागद मोजतात, गेलेले नाही.)

हमीपत्राप्रमाणे पहिला ताबा सहीवाल्याचा. म्हणून माझे एक्याण्णव टक्के गौरांगसोबत बसने मझौलीला गेले, त्याच्या बाबांच्या सहीसाठी. त्याच्या बाबांचं, म्हणजे बळीराम काकांचं, तिथे खत-बियाण्यांचं दुकान आहे. गुरुवारी गौरांग रिकाम्या हाताने परतला.

"कागद?"

"पाटीवर आहे."

"काहून?"

"बाबांनी सहीला घेतला, तर मागे तुझे मार्क दिसले. म्हणे, याला म्हणतात प्रगती! दुकानाच्या पाटीवर चिकटवून दिलं. पूर्ण डिंक लावून."

"आणि तुझा शेरा?"

"तो आता लाकडाकडे तोंड करून आहे यार." गौरांग हसला. सहा महिन्यांत मी त्याला पहिल्यांदाच पूर्ण जागा बघितलं.

शुक्रवारी बाबांनी फॅक्टरीतून सुटी टाकली आणि जबलपुरातल्या आमच्या चेरीतालहून आम्ही स्कूटरने मझौली गाठली. बळीराम काकांनी उठून स्वागत केलं. "येणारा प्रत्येक जण तुझे मार्क वाचून जाते बेटी. बियाणं मागाहून घेते." बाबांनी पाणी लावून कागद सोडवायचा प्रयत्न केला. फोटोतला माझा डावा कान निघून आला.

"राहू द्या भाऊ," काका घाबरून म्हणाले, "बाकीची पोरगी तरी पोचू द्या. पाटीच घेऊन जा. फक्त सोमवारी वापस करजा. युरिया येऊन राहिला."

शनिवारी मी शिबिराच्या ऑफिसात अडीच फुटांची पाटी टेबलावर ठेवली. तिथल्या अंजनी बाबूंनी चष्मा पुसला.

"मूल प्रति है?"

"जी."

"पटिया पर?"

त्यांनी दहा मिनिटं नियमावली चाळली. "पटिया मना तो नहीं है," ते खिन्नपणे म्हणाले. "मगर दोनों तरफ़ की जाँच होगी." पाटी उलटी केली. मागे काकांच्या हातचं खडूने लिहिलेलं होतं. अंजनी बाबूंनी रजिस्टरात माझ्या नावापुढे अक्षरशः उतरवून घेतलं: "पीछे की ओर: यूरिया नहीं है." मग शिक्का मारला. लाकडावर तो फार छान वाजतो.

पाटी फाइलीत मावेना, म्हणून फाइल पाटीला बांधली. सोमवारी मझौलीत युरिया आला. पण सांगायला पाटी नसल्याने गावात अजून तो आलेला नाही.

दहा दिवसांनी निवडयादी लागली. इतकी देखणी यादी मी पाहिली नव्हती. जिल्हावार, प्रत्येक जिल्हा नव्या पानावर, अक्षरं ठळक, आणि व्हरांड्याच्या भिंतीवर चारी कोपरे दाबून चिकटवलेली. एका कागदावर छिंदवाडा. त्याच्या शेजारच्या कागदावर झाबुआ. मधलं जबलपूर कुठे गेलं?

कुठेच गेलं नव्हतं. क्रमाने आणि नियमाने, छिंदवाड्याच्या पाठीवर होतं.

"जिनका नाम है, पाँच बजे तक दस्तख़त कर दें!" अंजनी बाबू ओरडले.

"जबलपुर कहाँ है, भैया?"

"दीवार की तरफ़."

"तो देखें कैसे?"

"जिसका नाम होगा, उसे तो पता होगा."

बाबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. "स्कूटरवर नाही मावणार," ते शेवटी म्हणाले.

पाच वाजले. आम्ही जबलपूरची अकरा मुलं टेबलासमोर उभी होतो. अंजनी बाबूंनी आमच्या समोरच रजिस्टरात लिहिलं, "जबलपुर: कोई नहीं आया," आणि रजिस्टर मिटलं.

हसून राहिलात ना? हसा. पण एकवीस कागद वाचल्याचं वाचलंत तेव्हा तुम्ही मान डोलावली होती, हे मला माहीत आहे. आता हे पान उलटा. मागे कोणी छापलेलं असेल तर त्याला जाऊ द्या, त्याला कुठेतरी पोचायचं असेल. आणि मागची बाजू कोरी निघाली, तर तुमच्या तोंडून पहिला शब्द निघेल: "वाया गेलं."

तेवढंच एक पान मला हवं होतं.