बॉयलरची वही

केंब्रिजमधल्या त्या छोट्याशा घराला ऊब देणारा बॉयलर सोमवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी बंद पडला आणि रात्री जेवणं आटोपेपर्यंत, कुणी काही न करता, पुन्हा सुरू झाला. मंगळवारी तो दिवसभर शहाण्यासारखा चालला. बुधवारी पुन्हा बंद. हे सगळं इतकं नेमकं ठाऊक असण्याचं कारण म्हणजे निवेदिताची वही. वेळ, घरातलं तापमान, बॉयलर चालू की बंद, आणि कारण, असे चार रकाने तिने पट्टीने आखले होते. पहिले तीन भराभर भरत होते. चौथ्यात नुसती प्रश्नचिन्हं होती.

"आमच्याकडे नळाला असंच एक दिवसाआड पाणी येतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या अंगात दोन स्वेटर होते, त्यावर शाल आणि डोक्याला मुलाची, यतीनची, माकडटोपी. "पण तिथे निदान कुठला दिवस ते पेपरात छापतात."

सासूबाई, म्हणजे सुहासिनीताई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मायरा नऊ महिन्यांची झाली होती, निवेदिताची बाळंतपणाची रजा संपत आली होती, आणि येत्या सोमवारी ती प्रयोगशाळेत रुजू होणार होती. नर्सरीत, म्हणजे तिथल्या पाळणाघरात, जागा मिळायला मे महिना उजाडणार होता. थोडक्यात, निवेदिताची नोकरी सुहासिनीताईंवर उभी होती, आणि सुहासिनीताई थंडीने कुडकुडत होत्या.

यतीन सॉफ्टवेअरमधला. त्याच्याकडे एकच उपाय होता. "मी बंद करून परत चालू केला. आता बघ."

"काय बघू?"

"आता चालेल."

तो चालला, पण गुरुवार होता, त्यामुळे तो एरवीही चाललाच असता. दुपारी कढी झाली. त्या आठवड्यात कढी वारंवार होत होती, हे निवेदिताच्या लक्षात आलं होतं, पण वहीत कढीचा रकाना नव्हता.

शुक्रवारी गॅस इंजिनिअर येणार होता, दुपारी बारा ते सहाच्या मधे केव्हाही. तो आला पावणेसहाला. कीथ नावाचा हा भला माणूस दारात उभा राहिला तेव्हा बॉयलर बंद पडून अर्धा तास झाला होता आणि निवेदिताला पुरावा हाती लागल्याचा आनंद झाला होता. कीथ पायपुसण्यावर बूट घासत असताना सुहासिनीताई लगबगीने दारालगतच्या हॉलमधून शालीखाली काहीतरी धरून वर गेल्या. कीथने किचनमधल्या कपाटातल्या बॉयलरचं झाकण उघडलं, पेल्यातला चहा अर्धा संपवला, प्रेशर बघितलं, आणि तेवढ्यात बॉयलर भुस्सकन पेटला.

"नथिंग राँग विथ इट, लव्ह," कीथ म्हणाला.

"इट वॉज ऑफ," निवेदिताने वही पुढे केली. "हे बघा, पाच वाजून अठरा मिनिटांनी."

कीथने वही आदराने चाळली. इतकं स्वच्छ काम त्याने कुठल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं नव्हतं, असं तो म्हणाला. मग त्याच्या कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून, सही करून तो गेला. सुहासिनीताई जशा लगबगीने वर गेल्या होत्या तशाच खाली आल्या. कीथची व्हॅन कोपऱ्यावरून वळते न वळते तोच बॉयलर विझला.

"त्याला घाबरतो तो," यतीन म्हणाला. "आपण कीथचा फोटो लावू या का?"

शनिवारी सकाळी सुहासिनीताई फोनवर बहिणीशी बोलत होत्या. दार लोटलेलं होतं, पण नागपूरला ऐकू जावं अशा आवाजात बोलायची त्यांची सवय फोनच्या शोधानंतरही गेली नव्हती. "अगं उल्का, पोर गोड आहे, सून चांगली आहे, पण हाडं गोठतात गं इथे! आणि साधी साधी गोष्ट जमेना झालीय मला. तिकीट अलीकडचं मिळतं का, तुझ्या प्रणवला जरा बघायला सांग."

निवेदिताच्या हातातला मायराचा चमचा तसाच राहिला. रुजू व्हायला दोन दिवस होते.

रविवारी दुपारी तिने कपाटातून स्वतःचा जुना, टोकाला लांब तार असलेला तापमापक काढला आणि पद्धतशीर सुरुवात केली. बैठकीची खोली, सतरा अंश. जिना, सोळा. वरची खोली, सोळा. पाच वाजून गेल्यावर बॉयलर शिरस्त्याप्रमाणे विझला. तेव्हा ती हॉलमधल्या, घरातली ऊब मोजून बॉयलर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटपाशी गेली. ती पांढरी डबी यतीनने ठोकलेल्या खुंट्यांच्या पाठीमागे, चार जाड कोटांच्या आड होती. तिने कोटांमधून तार आत सोडली. आकडा चढू लागला. वीस. तेवीस. सत्तावीस.

घर सतरा आणि कोटांमागची जागा सत्तावीस! थर्मोस्टॅटचं काय चुकलं होतं? त्याच्या समजुतीप्रमाणे बाहेर मे महिना चालू होता.

तिने कोट बाजूला केले. डबीच्या बरोबर खाली, फोनच्या स्टुलावर, मायराच्या जुन्या ब्लँकेटमध्ये आणि वर मफलरमध्ये गुंडाळलेलं एक पातेलं होतं. दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या. झाकण उचललं, तर आत दूध. वाफाळतं.

निवेदिता तिथेच जोड्यांशेजारी बसली, आणि सगळं एकेक करून जुळलं. आल्या दिवशी यतीनने आईला ती डबी दाखवून बजावलं होतं, "घरातली सगळी ऊब इथून येते. हिला हात लावू नकोस." आईंनी हात लावला नव्हता. घरातली सगळी ऊब जिथून येते तिथे त्यांनी दही लावलं होतं. डबीला वाटे उकडतंय, ती बॉयलर विझवी, घर गारठे, दही लागेना. लागलं नाही की दुसऱ्या दिवशी त्या आंबटसर पाण्याची कढी, आणि तिसऱ्या दिवशी दूध आणखी गरम. परक्या माणसाची नजर लागू नये म्हणून कीथ आल्यावर पातेलं वर गेलं होतं.

आणि लपवाछपवी का, तेही तिला कळलं. विरजण नागपूरहून रुमालावर वाळवून आणलेलं, आईंच्या लग्नापासूनचं. सून जिवाणू वाढवायचा पगार घेणारी. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "आई, चाळीस अंशाला ठेवा." त्यावर आई म्हणाल्या होत्या, "नागपुरात दुधाकडे नुसतं बघितलं तरी दही लागतं. मी बेचाळीस वर्षं बोटाने बघते."

वरून पावलं वाजली. निवेदिताने झाकण, मफलर, कोट, सगळं होतं तसं केलं आणि किचनमध्ये जाऊन तार बॉयलरच्या कपाटात सरकवली. मग मोठ्याने, पण कुणालाच उद्देशून नाही, असं म्हणाली, "अय्या! बॉयलरच्या वरच्या फळीवर एकोणचाळीस! विझला तरी इथे किती वेळ ऊब राहते. आणि हॉलमध्ये भिंतीतून तर थंडीच येते."

"बॉयलरचं कपाट काय," यतीन सोफ्यावरून म्हणाला, "तिथे काय ठेवायचंय?"

"काही नाही," निवेदिता म्हणाली. "नोंद केली."

सुहासिनीताई दारात उभ्या होत्या. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि माकडटोपी नीट केली.

संध्याकाळी निवेदिता मायराला न्हाऊ घालून खाली आली तेव्हा बॉयलर चालू होता. तो रात्रभर, जेव्हा जेव्हा हवा तेव्हा तेव्हाच, चालला.

सोमवारी सकाळी घरात एकोणीस अंश होते. टेबलावर वाटीत दही होतं, चमचा उभा राहील असं. यतीनने त्यात साखर घातली. "बघितलंस? काल मी परत एकदा बंद-चालू केलं होतं. शेवटी उपाय कुणाचा?"

"तुझाच रे बाबा," सुहासिनीताई म्हणाल्या. त्यांच्या अंगात एकच स्वेटर होता आणि कडेवर मायरा. "उल्काला फोन करायचाय. प्रणवला म्हणावं, तिकिटाचं राहू दे."

निघायच्या आधी निवेदिताने सवयीने वही उघडली. कालच्या ओळीखाली एक नवी ओळ आधीच भरलेली होती, वळणदार, शाळामास्तरीण छापाच्या अक्षरात. वेळ, सकाळी सहा. तापमान, बोटाला बरं. बॉयलर, चालू. आणि चौथ्या रकान्यात, प्रश्नचिन्हांच्या रांगेखाली :

'पातेलं हलवलं. यतीनला सांगू नये.'