गोगलातलं घरटं

मुलांनो, एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका. जंगलात याहून वाईट गोष्टीही असतात.

तिथे सुगरण पक्ष्यांना घरटं विणायला शिकवत. तुम्हाला वाटेल, विणकाम म्हणजे मादीचं काम. तसं नाही. घरटं नर विणतो. मादी येते, घरट्याला लटकते, गदागदा हलवून बघते. टिकलं तर लग्न, नाही तर ती चालली पुढच्या झाडावर.

कुलगुरू होत्या कोकिळाबाई. त्यांनी जन्मात घरटं बांधलं नव्हतं. त्यामुळे घरट्यांचं धोरण त्याच ठरवत.

एकदा त्यांच्या कानावर आलं, की पोरं तासाला बसत नाहीत. गवताची पाती सोलून चोच दुखते, गाठ सुटते, कंटाळा येतो. कोकिळाबाईंनी लगेच एका परदेशी बगळ्याकडून जादूचे गोगल मागवले. फांदीवर काडी ठेवली, की उरलेलं घरटं गोगल दाखवणार. वर 'शाब्बास!' म्हणून फटाके उडवणार!

वर्ग तुडुंब भरला. पोरांचा उत्साह बघून कोकिळाबाईंना भरून आलं.

हळदू तीन काड्यांत पहिला आला. त्याच्या वर्गातल्या ढब्बूचं डोकं मोठं. त्याला गोगल बसेचना. तो नापास झाला आणि चडफडत पाती सोलत राहिला.

मग भुरी आली. हळदूचा तिच्यावर फार जीव. हे मी थट्टेने सांगत नाही. तिची वाट बघताना त्याला दाणा गोड लागत नसे.

"कुठंय घरटं?" भुरीने विचारलं.

"हे काय!"

"या तीन काड्या?"

"अगं, गोगल लाव ना."

तिने लावला. "अगंबाई! केवढं हे!" म्हणत ती सवयीने लटकायला गेली, आणि धपकन खालच्या चिखलात पडली.

वर येऊन तिने पंख झटकले. गोगल हळदूच्या हातात, म्हणजे पंजात, दिला.

"पसंत आहे हो. अंडीही त्यातच घातली आहेत. उबव तू."

आणि ती ढब्बूच्या झाडावर गेली.

हळदू खूश! गोगल लावून तो उघड्या फांदीवर बसून राहिला. यथावकाश अंडी फुटली, फटाके उडाले. कोकिळाबाईंनी त्या पिल्लांना पुढच्या वर्षासाठी प्रवेशही देऊन टाकले. अशी पोरं तास बुडवत नाहीत.

एके दिवशी गोगल विझला. हळदूने तो काढला. फांदी रिकामी होती. शेजारच्या झाडावर ढब्बूची पिल्लं चिवचिवत होती. हळदू रडत कोकिळाबाईंकडे गेला.

"मॅडम, माझी पिल्लं!"

"रडतोस काय? बॅटरी बदल, येतील परत."

"मॅडम, तुमचं पिल्लू कुठल्या गोगलात आहे?"

कोकिळाबाई दचकल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ते कावळ्याच्या घरट्यात ठेवलंय. अडाणी आहे मेला, पण घरटं खरं बांधतो. पोटच्या पिल्लाच्या बाबतीत प्रयोग नकोत रे बाबा."

तात्पर्य : मुलांनो, हळदूसारखा पहिला नंबर काढा. घरट्यांची काळजी करू नका. ती अडाणी आणि नापास मंडळी बांधतच असतात.